सोडा म्हणायचं राहिलं

बाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं त्याच्या क्षणभर आधीपर्यंत त्यांचा श्वास छातीत कोंडलेला होता, आणि तो कोंडून ठेवायला त्यानंच सांगितलं होतं.

खोकला काही केल्या हटत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला पाठवलं होतं. दवाखान्याच्या जुन्या इमारतीत, जिन्याखाली, एक्स-रेची खोली. दारावर लाल दिवा, आत गारठा, आणि खुंटीला टांगलेला शिशाचा जड एप्रन, शिक्षा झालेलं पोर खांदे पाडून उभं असावं तसा. बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्या थंडगार पाटीला छाती टेकवली, हनुवटी वर ठेवली, खांदे पुढे घेतले. काचेच्या आडोशामागून आवाज आला, "दीर्घ श्वास घ्या... धरून ठेवा..."

बाईंनी धरला. सगळं आयुष्य मुलांना 'सांगितल्याशिवाय हलायचं नाही' असं बजावण्यात गेलेलं. आता या वयात स्वतःच हललं तर काय शोभा राहिली? यंत्र गुणगुणलं, कुठेतरी टक् झालं. फोटो निघाला असावा. पण 'सोडा' काही ऐकू येईना. डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. बाईंनी मनातल्या मनात त्या माणसाला दोनदा छडी मारली. शेवटी शिस्त राहिली एकीकडे, श्वास आपला आपणच सुटला आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी मान वळवून काचेकडे पाहिलं.

काचेमागे एक चाळिशीचा, किडकिडीत माणूस स्टुलावर बसला होता. दोन्ही हातांनी टेबलाची कड गच्च धरलेली. चेहरा खडूसारखा पांढरा, कपाळावर घाम, तोंड उघडं, आणि खांदे सारखे वर जात होते. खाली काही येत नव्हते.

दुसरं कुणी असतं तर 'सिस्टर, सिस्टर' करत बाहेर धावलं असतं. बाईंनी मात्र तो चेहरा ओळखला. परीक्षेच्या दिवशी पहिल्या बाकावर तो दर वर्षी बसलेला असायचा, दर वर्षी वेगळ्या मुलाच्या मानेवर. त्या आडोशामागे गेल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलायच्या तशा सावकाश म्हणाल्या, "आता तुम्ही सोडा."

त्यानं वर पाहिलं.

"श्वास हो. तुमचाच. सगळा सोडा. घाई नाही."

त्यानं सोडला. आधी अर्धा, मग राहिलेला थोडा, मग बराचसा, मुठीत लपवलेली गोळी मास्तरांनी मागितल्यावर मूल देतं तसा, नाखुशीनं. दारावरचा लाल दिवा जळत होता, त्यामुळे बाहेर रांगेत कुणालाच काही कळलं नाही.

"माफ करा हं आजी," तो थोड्या वेळानं म्हणाला. "उन्हाचा त्रास झाला जरा."

"जिन्याखाली ऊन कुठून आलं?" बाई म्हणाल्या. "आणि आजी नको. बाई म्हणा, सगळे तेच म्हणतात. फोटो तरी बरा आलाय का?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. "एकदम छान. जराही हलला नाहीत."

"हलणार कशी? तुम्ही सांगितलं कुठे होतं!"

यावर तो हसला आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

त्याचं आडनाव काहीतरी वेगळंच होतं, पण दवाखान्यात सगळे त्याला धरासोडे म्हणत. दिवसभर तेच म्हणायचं काम: श्वास घ्या, धरा, सोडा. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की एकदा नोटीस बोर्डावरच्या पाळीच्या कागदावरही तेच छापून आलं, आणि त्यानंही ते दुरुस्त करायला सांगितलं नाही.

रिपोर्ट हाती येईपर्यंत बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आडोशाच्या खोलीला व्हरांड्याकडे एक छोटं दार होतं. ते बंद ठेवायचा नियम होता आणि ते सताड उघडं होतं.

"धरासोडे, दार!" जाता जाता सिस्टर ओरडल्या. या सिस्टर धिप्पाड, खणखणीत आवाजाच्या. सगळ्या दवाखान्याला त्या टोमणे मारत, आणि म्हणूनच सगळ्या दवाखान्याला त्या हव्या असत. "घरी म्हशी आहेत का तुमच्या? दार लावायची सवयच नाही!"

त्यानं दार लोटलं. सिस्टरांची पावलं लांब गेल्यावर ते पुन्हा उघडलं.

त्या उघड्या दारातून बाईंना त्याची पाठ दिसत होती. शिकवणं सुटलं तरी मुलांच्या पाठी वाचायची सवय काही सुटलेली नव्हती. 'श्वास घ्या' म्हणताना तो स्वतःही श्वास घेई. शर्ट ताणला जाई, खांदे वर जात. 'धरून ठेवा' म्हणताना स्वतःही धरी. मग तो म्हणे, 'सोडा, पुढचे कोण, या!' हे सगळं एका दमात, एकच लांबलचक शब्द असल्यासारखं. पेशंट श्वास सोडून, शर्टाची बटणं लावत निघून जाई. याचा श्वास मात्र तिथेच अडकलेला असे, कारण सोडायच्या वेळी तो पुढच्याला हाक मारत असे. पुढचा आला की जुन्यावर नवा श्वास. त्यावर आणखी एक. बाई पाहत राहिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा समोर, व्हरांड्यात बसून पाहायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रांग संपली तेव्हा तो स्वतः फिल्म घेऊन बाहेर आला आणि खिडकीच्या उजेडात धरून त्यानं बाईंना दाखवली.

"काही विशेष नाही, डॉक्टर सांगतीलच. पण श्वास काय सुंदर घेतलात तुम्ही! हे बघा. पांढऱ्या त्या फासळ्या. हे हृदय. आणि हे सगळं काळं दिसतंय ना, ती हवा. तुमचा धरलेला श्वास."

बाई बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर कविता म्हणून घेतल्या, पाढे म्हणून घेतले, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला, ते हे. दोन काळे, शांत डोह. कुणाला न विचारता, न थकता आत येत राहिलेलं आणि बाहेर जात राहिलेलं. या वस्तूचे आपण कधी साधे आभारसुद्धा मानले नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

"तुमचा काढलाय कधी?" त्यांनी विचारलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "तीनदा. कुणाला सांगू नका. तिन्ही स्वच्छ. हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. ते म्हणाले, ठणठणीत आहे, घाबरण्याचा झटका येतो तुम्हाला. गोळी दिलीय, अगदीच वेळ आली तर घ्यायला. पण फोटोत भीती दिसत नाही हो बाई. दिसली असती तर मी केव्हाच शोधून काढली असती. माझं कामच आहे ते."

मग त्यानं सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायला लागत, त्या काळात एकदा आतली कडी अडकली. त्यानं ढकलली, निघाली. एवढंच. ना कुणाला इजा, ना आरडाओरडा. बाहेर येऊन त्यानं चहासुद्धा प्यायला. पण त्या दिवसापासून छातीत काहीतरी येऊन बसलं. लिफ्टचं दार मिटलं की ते उठे. घरात तो न्हाणीघराची कडी लावत नसे, बायको म्हणे, "अहो, घरात मुलगी मोठी होतेय, निदान गाणं तरी म्हणत जा आत असताना." आणि अलीकडे तर कारणाचीही गरज उरली नव्हती. नुसतं दार मिटलेलं असलं तरी वाटे, हा श्वास शेवटचाच.

"आज तुम्ही होतात म्हणून निभावलं," तो म्हणाला. "एखादा दमेकरी असता तर? माझं 'सोडा' म्हणायचं राहिलं आणि तो बिचारा तसाच धरून उभा राहिला, तर? रोज ती धास्ती. म्हणून मी ठरवलंय. जुन्या फाइलींच्या खोलीत बदली मागायची."

"त्या खोलीला खिडकी आहे?"

"नाही."

"मग?"

"तिथे कुणाला श्वास घ्यायला सांगावा लागत नाही."

त्याच्या हातातली फिल्म अजून उजेडातच होती. काम सोडायला निघालेला माणूस ती अशी दोन बोटांत, कडेकडेनं, डाग न पडू देता धरत नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं.

"आणि नवीन इमारतीत तळघरात एमआरआयचं यंत्र येतंय," तो म्हणाला. "माणूस अख्खा बोगद्यात जातो. आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमना मीच हवाय त्यावर. म्हणतात, लहान पोरंसुद्धा तुमचं ऐकून स्तब्ध उभी राहतात, ते मला शिकवता येत नाही. पण त्यांचा एक नियम आहे. जो त्या बोगद्यात झोपला नाही, त्यानं बाहेर बसून दुसऱ्याला 'घाबरू नका' म्हणायचं नाही. प्रत्येकानं आधी स्वतः आत जायचं. मला नुसतं लिफ्टनं तळघरापर्यंत जाता येत नाही, बाई. मी बोगद्यात कुठून जाणार?"

बाईंनी पिशवी उघडली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्यात खडूचा तुकडा, टोकयंत्र आणि एक खोडरबर असेच. खोडरबर काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.

"पहिलीत नवी मुलं यायची. आई फाटकाबाहेर गेली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मी त्यांना सतरंजीवर आडवं करायची आणि प्रत्येकाच्या पोटावर एक खोडरबर ठेवायची. म्हणायची, हा पाण्यातला पडाव आहे, होडीच. तो वर जातो, खाली येतो. तुम्ही काही करू नका. फक्त बघा."

"आणि रडू थांबायचं?"

"काहींचं थांबायचं. काही रडत रडत बघायची. तेही चालायचं."

त्यानं खोडरबर उलटसुलट करून पाहिला, जणू त्यावर डोस लिहिलेला असावा. "एवढंच?"

"आणखी एक. तू..." बाई थांबल्या. पाठीवरून वाचलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हणणं त्यांना जमेना. "तू पेशंटला सोडा म्हणतोस, त्या क्षणी स्वतःही सोडत जा. सगळा. आणि मगच पुढच्याला हाक मार. सकाळपासून तू एकदाही पूर्ण सोडलेला नाहीस. मी बघत होते."

धरासोडेनं श्वास सोडला, आणि तो किती वेळ जात राहिला याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

बाईंचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. औषधाच्या निमित्तानं आणि पुढे निमित्ताशिवायही त्या त्या बाकावर येऊन बसू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत लाल दिवा लागलेला असे आणि आत पेशंट नसे. एक्स-रेच्या टेबलावर धरासोडे उताणा पडलेला, पोटावर खोडरबर. व्हरांड्याकडचं दार आधी सताड, मग अर्धं, मग हातभर फटीपुरतं उघडं.

ते एक दिवस सिस्टरांनी नेमकं पाहिलं. "अगं बाई! हे काय? पोटातल्या चुका खोडायला घेतल्यात वाटतं?"

खोडरबर घरंगळून खाली पडला. बाईंना वाटलं, संपलं. आता हा लाजेनं पुन्हा पडायचा नाही. पण त्यानं खाली वाकून रबर उचलला, फुंकर मारून पुसला आणि म्हणाला, "सिस्टर, तुमच्यासाठी पाटी पुसायचं डस्टर लागेल. आणून ठेवू?"

सिस्टर इतक्या हसल्या की औषधांचा ट्रे त्यांना खाली ठेवावा लागला. त्या दिवसापासून त्या वेळी दारात कुणी डोकावू नये याची काळजी सिस्टरच घेऊ लागल्या. "आत फोटो चालू आहे," त्या दटावून सांगत. "मोठा फोटो आहे. वेळ लागतो."

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एके सकाळी तो बाकावर बाईंच्या शेजारी मटकन बसला. चेहरा उतरलेला. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं होतं. दार मिटलं आणि ते आलं.

"मी लगेच श्वास घ्यायला लागलो बाई, जोरजोरात. म्हटलं आज याला हाकलूनच देतो. तर ते दुप्पट झालं. कसाबसा बाहेर पडलो. तुमचा तो खोडरबर पोरांपुरताच ठीक आहे."

"हाकलायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"रडणाऱ्या पोराला 'गप्प बस' म्हटलं की ते काय करतं?"

"आणखी भोकाड पसरतं."

"मग तुझी ती भीती तुझं ऐकेल? ती आली की तिला शेजारी जागा द्यायची. ये बाई, बस. मी माझा श्वास बघतोय, तुला बघायचा तर तूही बघ. तिला बसून कंटाळा येतो रे. मुलांना येतो तसाच."

"आणि नाही आला कंटाळा तर?"

"तर बसेल. तूही बसलेला असशील. कुणी मेलं तर नाही ना?"

तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. की ती असतानाही बसता येतं."

बदलीच्या अर्जाचं त्यानं पुन्हा कधी नाव काढलं नाही. मध्येच एकदा त्याची बायको डबा घेऊन आली, तिनं बाईंना गाठलं. "तुम्हीच ना त्या बाई? अहो, आमच्या घरात संध्याकाळी सगळे आडवे असतात. हे, मुलगी, सासूबाईसुद्धा. सासूबाई झोपून जातात आणि रबर कॉटखाली जातो. मी एकटी उभी!" तक्रारीचा सूर होता, पण डोळे वेगळंच सांगत होते. जाता जाता ती हळूच म्हणाली, "परवा न्हाणीघराची कडी लावली त्यांनी. मी बाहेर उभी राहिले होते, उगीचच. आतून गाणं येत होतं."

यंत्र आलं. नियमाप्रमाणे आत झोपायची पाळी धरासोडेची आली, तेव्हा मोठ्या मॅडमनी विचारलं, "बाहेर बसायला घरचं कुणी आणणार आहात?"

"बाईंना."

"बाई तुमच्या कोण?"

तो विचारात पडला. "बाई," तो म्हणाला.

धरासोडे आणि बाई जिन्यानं तळघरात उतरले. मोठ्या मॅडम म्हणजे केस पिकलेल्या, तुटक बोलणाऱ्या, कामाला वाघ. त्यांनी त्याच्याकडून घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून घेतला. खिसे तपासले. "हे काय?"

"खोडरबर."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "रबर चालतं. धातू नको."

एका हातात खोडरबर, दुसऱ्या हातात दाबायचा रबरी फुगा. फुगा दाबला की लगेच बाहेर काढणार. टेबल सरकत आत गेलं. आधी डोकं दिसेनासं झालं, मग छाती, मग बोगद्याच्या तोंडाशी उरली नुसती दोन पावलं, पांढऱ्या मोज्यांतली. जड दार मिटलं. त्याला फट नव्हती.

बाई काचेच्या अलीकडे मॅडमशेजारी खुर्चीत बसल्या. यंत्र ठोठावू लागलं, भिंतीत कुणी सुतार कोंडला असावा तसं. आणि पडद्यावर चित्र उमटलं.

बाईंना वाटलं होतं, फिल्मसारखं काहीतरी असेल. पण हे हलत होतं. माणूस उभा चिरून आत दिवा लावावा तसं सगळं दिसत होतं. मधोमध हृदय, मुठीएवढं, आपल्या नादात. आणि त्याखाली एक घुमट.

"हा छातीच्या आणि पोटाच्या मधला पडदा," मॅडम म्हणाल्या. "श्वास घेतला की खाली जातो, सोडला की वर येतो."

घुमट खाली जात होता, वर येत होता. बाईंच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर शेकडो पोरांच्या पोटावर त्यांनी खोडरबर ठेवला होता. तो पडाव ज्या पाण्यावर डोलत होता, ते पाणी त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या.

मग तो घुमट बदलला. हालचाल तोकडी झाली, भराभरा, वरच्या वर, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखी. हृदयाची मूठ जोरजोरात आपटू लागली. बाहेर पावलांची बोटं मोज्यात आखडली.

फोटोत भीती दिसत नाही, तो म्हणाला होता. इथे ती समोर दिसत होती. तिचं येणंही दिसत होतं.

"फुगा दाबतील आता," मॅडम पुटपुटल्या. त्यांचा हात टेबल बाहेर काढायच्या बटणावर गेला.

फुगा दाबला गेला नाही. घुमट थरथरला, खाली गेला, अडखळला, आणि वर यायला लागला. सावकाश. येतच राहिला. पुढचा श्वास पुन्हा तोकडा. त्याच्या पुढचा जरा लांब. भीती काही निघून गेली नव्हती; हृदय अजून धावतच होतं. पण त्या धावणाऱ्या हृदयाखाली घुमट आपल्या चालीनं उतरत होता आणि चढत होता, पळणाऱ्या पोराच्या मागे न धावता त्याची वाट बघत पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग हळूहळू पोरही दमलं. मूठ निवली. मोज्यातली बोटं सैल झाली.

मॅडमनी बटणावरचा हात काढला आणि माईक जवळ ओढला. "छान. आता शेवटचं. दीर्घ श्वास घ्या. धरून ठेवा."

घुमट खाली गेला आणि थांबला.

त्याच क्षणी मागचं दार उघडलं आणि सिस्टरांचा आवाज घुमला, "मॅडम, वरचा पेशंट तुम्हाला विचारतोय, उपाशी राहायचं की जेवायचं?" मॅडम वळल्या. "त्याला सांगा, काहीतरी एक कर! नाही, थांबा, कोणता पेशंट?" आणि त्यांचं बोलणं सुरू झालं.

पडद्यावर घुमट तसाच थांबलेला. माईक पुढ्यात, मॅडमची पाठ त्याच्याकडे. बाईंना ओरडून सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी स्वतःचाही श्वास धरून ठेवला होता. सगळ्या खात्याचाच रोग हा, सोडा म्हणायचं राहून जायचं! आत तो एकटा. दार बंद, लोखंडी गडगडाट, आणि बाहेरून कुणी काही सांगत नाही. त्याची रोजची धास्ती हीच तर होती. फक्त आज काचेच्या पलीकडे तो होता.

घुमट हलला.

कुणी सांगितलं नव्हतं. तो आपला आपण वर चढू लागला, न थरथरता, एकसारखा, अगदी शेवटपर्यंत. वर पोचला. क्षणभर तिथे विसावला. आणि पुन्हा उतरायला लागला. हृदयाचा ठेका जराही चुकला नाही.

बाईंनी श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी येतंय हे त्यांना चष्म्यावर थेंब पडल्यावर कळलं. वर्गात एखादं मूल पहिल्यांदा स्वतःहून अख्खी ओळ वाचतं तेव्हा बाईंचे हात आपोआप जोडले जात. ते आत्ताही जोडले गेले, त्या करड्या, हलत्या चित्रापुढे.

"अरे देवा!" मॅडमनी वळून पडद्याकडे पाहिलं. "सोडा! सोडा!"

आतून स्पीकरवर आवाज आला. जरा घोगरा, पण ओळखीचा.

"मॅडम, केव्हाच सोडला. तुम्हीपण सोडा."

टेबल बाहेर आलं तेव्हा त्याचा शर्ट घामानं भिजलेला होता आणि मुठीतल्या खोडरबरावर चारही बोटांचे ठसे उमटले होते. तो उठून बसला. आधी त्यानं बाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "दिसली?" त्यानं विचारलं.

"दिसली," बाई म्हणाल्या. "येताना पण आणि बसताना पण."

मॅडमनी त्याचा पट्टा, घड्याळ, किल्ल्या परत केल्या. "उद्यापासून या," त्या म्हणाल्या, आणि घसा साफ करून पुढे म्हणाल्या, "आणि आज काय झालं ते वर कुणाला सांगू नका."

"म्हणजे माझं की तुमचं?" धरासोडेनं विचारलं.

परतताना बाई सवयीनं जिन्याकडे वळल्या. तो लिफ्टपाशी उभा होता. त्यानं बटण दाबलं. चेहरा पांढराच होता, पण तो उभा होता. दार उघडलं, ते दोघं आत गेले, दार मिटलं. वर पोचेपर्यंत तो काही बोलला नाही. बाईही बोलल्या नाहीत. शेजारी कुणीतरी तिसरं बसलेलं होतं, त्याला उगीच त्रास कशाला द्यायचा.

धरासोडे हल्ली सकाळच्या पाळीला तळघरातल्या यंत्रावर असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो आधी विचारतो, भीती वाटते का. आणि वाटते म्हटलं तर म्हणतो, असू दे, येऊ दे तिलाही. मग 'सोडा' म्हणतो, स्वतःचा श्वास पूर्ण सोडतो आणि त्यानंतरच पुढच्याला हाक मारतो. त्याच्या पाळीला रांग फार हळू सरकते, अशी लोकांची तक्रार आहे.